सात देश की एक शहर?

पत्र सांगलीच्या विश्रामबागहून आलं आहे. लिहिणाऱ्या बाई ६२ वर्षांच्या, हायस्कूलमधून मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान ६७ वर्षांचे, साखर कारखान्यातून निवृत्त. पत्र मोठं आहे, थोडं कमी करून देते:

"आयुष्यात एकदा पॅरिस बघायचं, एवढीच माझी हौस. आमच्या यजमानांनी टूरवाल्याचं माहितीपत्रक आणलंय: अकरा दिवसांत सात देश. ते म्हणतात, 'एवढे पैसे घालून एकच गाव बघून यायचं म्हणजे वेडेपणा.' दोघांचे मिळून सहा लाख बाजूला काढलेत. माझा उजवा गुडघा कुरकुरतो. इंग्रजी वाचता येतं, बोलायला जीभ वळत नाही. माझा एक जुना विद्यार्थी पॅरिसबाहेर नोकरीला आहे, तो म्हणतो, 'बाई, माझ्याकडेच राहा.' त्याच्यासाठी पेढे आणि भडंग न्यावं असं मनात आहे. आम्ही काय करावं? पत्राखाली माझं नाव छापू नका, घरी पेपर येतो."

नमस्कार बाई,

नाव छापत नाही. पण साखर कारखान्यातले निवृत्त गृहस्थ, बायकोचा गुडघा आणि सात देश, एवढ्यावरून तुमचे यजमान दुसऱ्या ओळीतच ओळखतील. तेव्हा हे पत्र त्यांच्यासमोरच वाचा. निम्मं त्यांच्यासाठीच आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. पॅरिसच करा. आठ रात्री एका शहरात, एका हॉटेलात, एकदाच सुटकेस उघडायची.

'पैसे वसूल' हे मला कळतं, मीही सांगलीचीच. पण माहितीपत्रकावरचे देश मोजण्याआधी बसमधले तास मोजा. पॅरिस ते ॲमस्टरडॅम पाचशे किलोमीटर, पॅरिस ते झुरिक साडेसहाशेच्या आसपास. आपल्याकडून मुंबई चारशेच्या आत आहे. मुंबईला जाऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी तुमचा गुडघा काय म्हणतो, ते आठवून बघा. सात देशांच्या टूरमध्ये असा प्रवास दिवसाआड असतो. सकाळी सहाला सुटकेस खोलीबाहेर, सातला नाश्ता, साडेसातला बस. आयफेल टॉवरपाशी चाळीस मिनिटं, त्यातली पंधरा स्वच्छतागृहाच्या रांगेत. यजमानांना म्हणावं, सात देशांचे पैसे भरून पाच देश खिडकीतून बघायचे, यात वसूल काय झालं?

टूर वाईटच असते असं नाही. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला तीच मानवली. वरण-भात मिळाला, दुपारच्या चहाला मराठी गप्पा झाल्या, कागदपत्रांची कटकट दुसऱ्याने केली. तुमची हौस 'युरोप' असती तर मी टूरच सुचवली असती. तुमची हौस पॅरिस आहे.

यजमानांसाठी एक तोड आहे. पॅरिसहून ब्रसेल्स रेल्वेने दीड तासाच्या आत येतं. एक दिवस सकाळी जाऊन रात्री परत या, म्हणजे दुसरा देश झाला. शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा, त्यावर बेल्जियमही चालतं. फक्त त्या दिवशी मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. बाकीचे पाच देश त्यांनी नातवाला सोडावेत.

आता केव्हा जायचं. ऑगस्ट नको. एक तर तिथली बरीच छोटी दुकानं आणि खाणावळी महिनाभर सुट्टीवर जातात. दुसरं म्हणजे ऑगस्टमध्ये तुम्ही पॅरिसमध्ये बसून सांगलीच्या आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती फूट हेच मोबाइलवर बघत बसाल. विश्रामबागेत पाणी येवो न येवो, नदीकाठच्या गावभागातले पाहुणे तर तुमच्याकडेच येणार. जुलैचा उन्हाळाही हल्ली तिथे सोसत नाही. २५ जुलै २०१९ ला पॅरिसमध्ये ४२.६ अंश तापमान होतं, आणि जुन्या हॉटेलांत एसी सगळीकडे नसतो. मे अखेर ते जूनचा पंधरवडा उत्तम. नाहीतर गणपती विसर्जन उरकून सप्टेंबरात निघा. पितृपंधरवड्यात घरी श्राद्ध असेल तर तिथी आधी बघा. सप्टेंबरच्या अगदी शेवटी तिथे फॅशनवाल्यांचा आठवडा भरतो आणि हॉटेलांचे भाव चढतात, तेवढे दिवस चुकवा.

जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. ऐकायला छान वाटतं, पण आयफेल टॉवरचे दिवे अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं लुकलुकतात. म्हणजे ते बघायला जूनमध्ये अकरापर्यंत जागावं लागतं. घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असल्याने पहिल्या दोन दिवसांत तुमचं शरीर तेव्हा रात्रीचे अडीच वाजलेत असं समजत असतं. दिव्यांचा कार्यक्रम चौथ्या-पाचव्या रात्री ठेवा.

आज रात्रीच कपाटातून पासपोर्ट काढा. परत येण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत हवी, तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निकाल सहसा पंधरा दिवसांत लागतो, पण पंचेचाळीसपर्यंतही लांबू शकतो. म्हणून निदान अडीच-तीन महिने हाताशी ठेवा. फी माणशी ९० युरो, वर अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवाखर्च. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही जावं लागतं. पुण्याचं केंद्र सोयीचं. वेळ सकाळची मिळाली तर आदल्या दिवशीच जाऊन राहा. पहाटेच्या गाडीवर भरवसा ठेवून दहाची वेळ गाठायला जाऊ नका.

कागदांत एक चूक आपल्याकडे सर्रास होते. खात्यात शिल्लक दिसावी म्हणून अर्जाच्या आठवडाभर आधी पुतण्याकडून दोन लाख आणून भरतात. असे अचानक आलेले पैसे बघणाऱ्याच्या डोळ्यात खुपतात. तुमचं पेन्शन दर महिन्याला येतंय, मुदतठेवी आहेत, घर स्वतःचं आहे. हेच सरळ दाखवा. नोकरदार रजेचं पत्र जोडतात, तुम्ही पेन्शनचे कागद जोडा. ३० हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे. तो घेताना बीपी, साखर काय असेल ते लपवू नका. न परतणारं विमानाचं तिकीट व्हिसा हातात येईपर्यंत काढू नका.

विद्यार्थ्याकडे राहायचं का? मनातून वाटत असलं तरी नको. पाहुणा म्हणून राहिलात तर त्याला तिथल्या नगरपालिकेतून रीतसर यजमानपत्र काढून द्यावं लागतं, आणि व्हिसाच्या अर्जाला ते जोडावं लागतं. नोकरीवाल्या पोराला कशाला हेलपाटे? शिवाय शहराबाहेरून रोज तास-तास लोकलने यायचं म्हणजे गुडघ्याचं निम्मं बळ तिथेच संपलं. राहा हॉटेलात. एका रविवारी त्याच्याकडे जेवायला जा. तो तुम्हाला वरण-भात घालील, तुम्ही त्याच्या बायकोला त्याचे नववीतले पराक्रम सांगा.

हॉटेल शोधताना एक युक्ती. पॅरिसचे वीस वॉर्ड आहेत. मध्यावर पहिला, मग गोगलगायीच्या शंखासारखे गोल गोल बाहेर विसावा. पिनकोड ७५ ने सुरू होतो आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे वॉर्ड. ७५०१५ म्हणजे पंधरावा. जाहिरातीत 'पॅरिसजवळ' लिहिलंय आणि पिनकोड ७५ चा नाही, तर ते शहराबाहेर आहे, पुढचा मजकूर वाचू नका. तुमच्यासाठी चौदावा किंवा पंधरावा बरा. घरगुती वस्ती, मध्यभागापेक्षा कमी भाडं. आणि लिफ्ट आहे का, हे लेखी विचारा. तिथल्या जुन्या इमारतींत गोल लाकडी जिने असतात. फोटोत फार गोड दिसतात.

हिशेब युरोचे शंभर रुपये धरून करा आणि वर थोडं चढवा. बरी दोघांची खोली रात्रीला सव्वाशे-दीडशे युरो धरा. तिकिटं, व्हिसा, विमा, खाणं, फिरणं सगळं मिळून माझ्या हिशेबाने सहा लाखांत बसतं आणि हातात काही उरतंही. दुकानातलं कार्डाचं यंत्र 'रुपयांत की युरोत' असं विचारतं, तेव्हा न चुकता युरो निवडा. रुपये निवडले की यंत्रवाला आपला दर लावतो.

विमानतळावर उतरल्यावर पहिल्या दिवशी टॅक्सी करा. इथे काटकसर नको. शहरात येण्याचे दर ठरवून दिलेले आहेत. २०२५ मध्ये सेन नदीच्या उत्तरेला ५६ युरो, दक्षिणेला ६५. माणशी नव्हे, गाडीचे. फलक लावलेल्या रांगेतूनच घ्या. आतल्या बाजूला 'टॅक्सी, मॅडम?' म्हणून जो जवळ येतो, त्याच्याकडे बघूही नका.

गुडघ्याचं आता खरं सांगते. पॅरिसची मेट्रो सगळीकडे नेते, पण बहुतेक स्टेशनांत लिफ्ट नाही. जिने, बोगदे, पुन्हा जिने. पूर्णपणे बिनजिन्याची म्हणावी अशी १४ नंबरची एकच लाइन. तुम्ही बसने फिरा. ६९ नंबरची बस आयफेल टॉवरच्या मैदानापासून निघते, लूव्र संग्रहालयाजवळून, बास्तीय चौकावरून पूर्वेला जाते. खिडकीची जागा मिळाली तर तीच तुमची शहरदर्शनाची सहल. मेट्रोत बसायची हौस असेल तर ६ नंबर घ्या. ती बरीचशी जमिनीवरून धावते आणि नदी ओलांडताना टॉवर समोर येतो.

बसचं आणि मेट्रोचं तिकीट वेगवेगळं आहे, एकाचं दुसऱ्यात चालत नाही. त्यापेक्षा आठवड्याचा पास काढा, दोघांचे दोन, प्रत्येकावर आपापला फोटो. साधारण तीस-बत्तीस युरोंत बस, मेट्रो, लोकल, अगदी विमानतळाची लोकलसुद्धा. मेख एवढीच, की तो तुम्ही कधीही घेतलात तरी सोमवार ते रविवार असाच मोजतात. म्हणून रविवारी संध्याकाळी किंवा सोमवारी सकाळी उतरेल असं विमान बघा.

रोज एकच मोठी गोष्ट. सकाळी ती, दुपारी खोलीवर येऊन पाय वर करून पडायचं, संध्याकाळी नदीकाठ. याच्या वर एकही ओळ कागदावर लिहायची नाही. हे मी ठेच खाऊन शिकले. २०२३ साली आम्ही गेलो तेव्हा माझ्याकडे तासातासाचा तक्ता होता, लॅमिनेट केलेला. मंगळवार, सकाळी नऊ, लूव्र. काचेच्या पिरॅमिडपुढे पोचलो तर चौकात शुकशुकाट. लूव्र मंगळवारी बंद असतं. तक्त्यात सगळं होतं, तेवढंच नव्हतं. आमचे हे काही बोलले नाहीत. शांतपणे कठड्यावर बसले, पिशवीतून दशमी काढली आणि म्हणाले, "बरं झालं, कुठेतरी बसायला मिळालं." तो तक्ता अजून घरी आहे, त्यावर गरम पातेलं ठेवते.

तर लूव्र मंगळवारी बंद. ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, तेव्हा संध्याकाळी जा. गर्दी उतरलेली असते. जानेवारी २०२६ पासून युरोपाबाहेरच्यांना तिथे ३२ युरोंचं तिकीट आहे, वेळ ठरवून आधीच काढायचं. मोना लिसा बघा, पण चित्र जेमतेम अडीच फूट उंच, जाड काचेमागे, आणि पुढे दोनशे मोबाइल वर धरलेले. पाच मिनिटांत बाहेर पडा.

मला विचाराल तर निम्मा जीव ओर्सेसाठी राखा. ते मुळात रेल्वे स्टेशन. १९०० साली बांधलं, पुढे गाड्या लांब झाल्या आणि फलाट तोकडे पडले, १९८६ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. मिरज जंक्शनवर अर्धं आयुष्य काढलेल्या आपल्यासारख्यांना ती इमारत आत शिरताच कळते. जिथे रूळ होते तिथे आता पुतळे उभे आहेत. पाचव्या मजल्यावर लिफ्टने जा. स्टेशनचं भलं मोठं काचेचं घड्याळ तिथे आतून दिसतं, उलटे आकडे आणि काट्यांच्या मागे नदी, पलीकडे शहर. शेजारच्या दालनांत मोने, रेन्वार, व्हॅन गॉग यांची चित्रं. बसायला बाकं आहेत. मी एका बाकावर पाऊण तास बसले, कोणी उठवलं नाही.

नोत्र दामचं चर्च बघायला पैसे लागत नाहीत. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत छप्पर गेलं होतं, डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. दगड आतून इतका लख्ख केलाय की कालच बांधलंय असं वाटतं. यजमानांना गड-किल्ल्यांची आवड असेल तर आयफेल टॉवरपासून जवळच युनेस्कोचं मुख्यालय आहे, ते बाहेरून दाखवा. आपले बारा किल्ले, पन्हाळा आणि प्रतापगडासकट, जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आले, ती बैठक पॅरिसमधलीच. गणपतीला हात जोडायचेच असतील तर अठराव्या वॉर्डात तमिळ लोकांनी उभारलेलं माणिक्क विनायगर मंदिर आहे. जवळच ला शापेल भागात डोसा, इडली, कढीपत्ता सगळं मिळतं. चौथ्या दिवशी तिकडे पाय आपोआप वळतील.

तोवर खाणं बेकरीत. शाकाहारी असाल तर एक जपा: कांद्याचं सूप बहुधा गोमांसाच्या पाण्यात केलेलं असतं, नावावर जाऊ नका. बाटलीबंद पाणी विकत घेऊ नका. नळाचं पाणी चांगलं असतं, हॉटेलात 'कराफ दो' म्हटलं की एक जग भरून, तांब्याभर म्हणा, फुकट आणून ठेवतात.

आणि भाषा. जीभ इंग्रजीला वळत नसेल तर तिथे फारसं बिघडत नाही, त्यांचीही सहज वळत नाही. एक शब्द मात्र पाठ करा: बोंझूर. पहिल्या सकाळी मी बेकरीत शिरून दोन बोटं दाखवली आणि म्हटलं, "टू क्रोसाँ." काउंटरमागची बाई हलली नाही. माझ्याकडे बघून सावकाश म्हणाली, "बोंझूर, मादाम." मी पुन्हा, "टू क्रोसाँ, प्लीज." ती पुन्हा, "बोंझूर." मागे रांग. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे कोणी पाहुणा उंबरा ओलांडून राम राम न करता थेट 'चहा टाका' म्हणाला तर कसं वाटेल? मी बोंझूर म्हटलं. ती हसली आणि क्रोसाँ जरा जास्त भाजलेले निवडून दिले. तुम्ही तीस वर्षं वर्गात शिरताना 'नमस्ते बाई' ऐकलंय, तुम्हाला हे जमेल.

चोरांचं भय बाळगू नका, पण पर्स पुढे धरा. मेट्रोच्या दारापाशी उभं राहू नका. रस्त्यात सोन्याची अंगठी सापडल्याचं सांगणारा, कागदावर सही मागणाऱ्या मुली, साक्रे-कूर चर्चच्या टेकडीच्या पायथ्याशी मनगटाला दोरा बांधू बघणारे, तिघांनाही थांबून उत्तर द्यायचं नाही. मंगळसूत्र घरी ठेवून काळी पोत घालून जा. औषधं चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत.

एक जागा कुठल्या माहितीपत्रकात नसेल, ती सांगते. आल्मा नावाच्या पुलाच्या खांबाला एक दगडी शिपाई उभा आहे, झुआव्ह म्हणतात त्याला. सेन नदीला पूर आला की लोक त्याच्याकडे बघतात. पावलं भिजली की नदीकाठचे रस्ते बंद. १९१० च्या महापुरात पाणी त्याच्या खांद्यापर्यंत चढलं होतं. २०१६ च्या जूनमध्ये लूव्रवाल्यांनी संग्रहालय बंद ठेवून तळघरातल्या कलावस्तू वर हलवल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला ५७ फुटांच्या वर पाणी होतं, तेव्हा आपण गाद्या आणि धान्याचे डबे माळ्यावर चढवत होतो, अगदी तसंच. त्या पुलावर यजमानांना घेऊन जा. पाण्याची पातळी बघितल्याशिवाय ते तिथून हलणार नाहीत, मी लिहून देते.

राहिले पेढे. बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला युरोपात बंदी आहे. पेढे, खवा, तूप, काही नको. विमानतळावर काढून कचऱ्यात टाकतात आणि आपण बघत राहायचं. भडंग मात्र खुशाल न्या. विद्यार्थ्यासाठी दोन पाकिटं ठरवली असतील तर चार घ्या. एक विमानात फुटतं, आणि एक तुम्ही दोघं तिसऱ्या रात्री खोलीवर बसून, कांदा कापायला सुरी नाही म्हणून हळहळत, कोरडंच संपवाल.